मला न आलेली दाढ

अक्कलदाढ मलाही आली होती, चार दिवस दुखली आणि गप्प बसली, असं मी ऑक्टोबरात माझ्या मुलीला सांगितलं. ते खोटं होतं. सांगताना ते खोटं आहे हे मला माहीत नव्हतं, एवढीच माझी बाजू. ती फारशी भक्कम नाही हे मला आता कळतं, कारण न तपासलेली गोष्ट ठामपणे सांगणाऱ्याला मी नोकरीत कधी माफ केलेलं नाही.

आम्ही चंडीगडला येऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. मी हवाई दलात आहे, पण विमानाच्या जवळपास नाही. सुटे भाग, टायर, बूट, तंबू यांचा साठा सांभाळणारी आमची शाखा. दर दोन-तीन वर्षांनी बदली होते, आणि बदलीच्या गावात कुठलीच गोष्ट मुळापासून करायची नाही ही आम्हा बदलीवाल्यांची सवय. पडदे पुढच्या घराच्या खिडक्यांनाही पुरतील असे शिवायचे, झाडं कुंडीतच लावायची, आणि दुखणं अंगावर काढता येण्यासारखं असेल तर पुढच्या पोस्टिंगपर्यंत काढायचं. मुलगी यातच वाढली. मराठी तिला सगळं कळतं, पण तिचं उत्तर हिंदीतून येतं.

कॉलेज संपवून तिने हवाई दलाची लेखी परीक्षा दिली होती आणि ती पास झाली होती. फेब्रुवारीत देहरादूनला निवड मंडळासमोर जायचं होतं. हे मी तिच्या डोक्यात भरवलेलं नव्हतं. उलट मीच दोनदा विचारलं होतं, नक्की ना म्हणून. "पक्का, बाबा," असं ती म्हणाली होती. ते तिचं होतं, आणि म्हणूनच ते माझ्या हातून बिघडू नये याची मला धास्ती होती.

एका सकाळी ती पोळीचा घास एकाच बाजूने चावताना दिसली.

"काय झालं गं?"

"पीछे कुछ निकल रहा है. नीचे. दुखता है यार."

मी बॅटरी आणून पाहिलं. डावीकडे, खाली, सगळ्यात शेवटी हिरडीतून दाढेचं एक टोक वर आलं होतं. बाकीची दाढ हिरडीच्या झाकणाखालीच होती.

"अक्कलदाढ आहे. मलाही आली होती, अकादमीत असताना. चार दिवस दुखते."

"निकलवा दूँ? मेरी दोनों फ्रेंड्स ने निकलवा दी."

"अजिबात नाही," मी म्हणालो. "आधी मेडिकल होऊ दे."

ज्यांच्या घरात कुणी फौजेत नाही त्यांना हे विचित्र वाटेल, म्हणून सांगतो. सैन्यदलाच्या वैद्यकीय तपासणीत दातांना गुण असतात. वरचा आणि खालचा अशी जोडी धरतात. दाढांच्या जोडीला दोन गुण, बाकीच्यांना एक. पूर्ण तोंडाचे बावीस होतात आणि पास व्हायला चौदा लागतात. मी मात्र हे नियम वाचून शिकलो नव्हतो. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत असायचा, आणि भरतीला निघालेल्या पोराचं तोंड आधी माझे चुलते बघायचे. ते निवृत्त हवालदार. ओसरीवर उन्हाकडे तोंड करून बसवायचे, हनुवटी धरायचे आणि काडीने एकेक दात मोजायचे, बाजारात बैल घेताना बघतात तसे. दोन दाती, चार दाती, जुळलेला हे बैलांचे शब्द ते पोरांनाही लावायचे. कुणाचा दात काढलेला असला की म्हणायचे, "गेलास तू. अर्ध्या वाटेतनं परत येशील बघ." आणि मग बाकीच्यांकडे बघून, "दात काढायचा न्हाई रे कुणी. काय वाट्टेल ते होऊ द्या."

मी अकादमीला निघालो तेव्हा माझंही तोंड उन्हात उघडलं गेलं. त्यांनी काडी फिरवली आणि "भरलंय" म्हणाले. त्या एका शब्दावर मी तीस वर्षं निर्धास्त होतो.

आता लिहिताना सरळ दिसतं. बावीसमधून एका दाढेचे दोन गेले तरी वीस उरतात. शिवाय अर्धी गाडलेली दाढ कुणी पूर्ण धरतही नाही. मी साठ्याचा माणूस, वजाबाकी हा माझ्या पोटापाण्याचा विषय. पण चुलत्यांचं वाक्य डोक्यात इतकं घट्ट बसलेलं होतं की वजाबाकी करायची वेळच आली नाही.

याहून वाईट गोष्ट अशी, की आमच्या वसाहतीपासून चालत जाण्याच्या अंतरावर दलाचं दंत केंद्र आहे. तिथे घरच्यांवरही उपचार होतात. तिथे मी तिला नेलं नाही. तिथला डॉक्टर दाढ काढायला सांगेल आणि ते कुठेतरी लिहिलं जाईल, असं मला वाटत होतं. घरच्यांच्या दातांची नोंद निवड मंडळाकडे जात नाही हे मला ठाऊक होतं, तरीसुद्धा वाटत होतं.

बायको कोल्हापूरची. तिने एकदाच सांगितलं.

"अहो, पोरीचं तोंड आहे ते, तुमचं स्टोअर न्हवं. काढून टाकू द्या की."

"फेब्रुवारीपर्यंतचाच प्रश्न आहे."

"दुखतंय तिला, तुम्हाला न्हाई."

"मला दुखून गेलंय."

"तरीच म्हटलं, अक्कल कधी आली," ती म्हणाली आणि लवंगा कुटायला घेतल्या.

दाढ आठ-दहा दिवस दुखायची आणि मग थांबायची. थांबली की मी मनातल्या मनात एक आठवडा खोडायचो. मुलगी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायची आणि आरशासमोर उभी राहून बोलण्याचा सराव करायची. निवड मंडळापुढे पहिल्याच दिवशी एक चित्र दाखवतात. त्यावरून गोष्ट लिहायची, ती मिनिटभरात सगळ्यांसमोर सांगायची आणि मग गटाने मिळून एक गोष्ट ठरवायची. सगळे एकदम बोलतात. त्यात ज्याचा आवाज पोचत नाही तो त्याच संध्याकाळी घरी परततो. हे तिला माहीत होतं, मलाही.

जानेवारीत लोहरी आली. वसाहतीच्या मैदानात शेकोटी पेटली, ढोल आला, आणि सगळ्यांच्या ओंजळीत शेंगदाणे, रेवड्या आणि मक्याच्या लाह्या. शेजारच्या आजी विस्तवात मूठभर टाकायच्या आणि मूठभर आमच्या मुलीच्या हातावर ठेवायच्या. ती नाचत होती आणि खात होती. मी लांबून पाहत होतो आणि मला बरं वाटत होतं, की बघा, काही झालेलं नाही.

लाहीला एक पातळ, कडक टरफल असतं. ते त्या हिरडीच्या झाकणाखाली शिरलं आणि तिथेच राहिलं. हे अर्थात नंतर कळलं.

तीन दिवसांनी, रविवारी सकाळी ती चहा प्यायला आली तेव्हा डावा गाल सुजून जबड्याची कड दिसेनाशी झाली होती. अंगात ताप होता. बायकोने तोंड उघडायला सांगितलं, तर दातांमध्ये एक बोट जेमतेम गेलं.

"और नहीं खुल रहा," ती दातांतूनच म्हणाली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाबा, बोलूँगी कैसे?"

तिने दुखतंय असं म्हटलं नाही. हे मला अजून आठवतं.

रविवार म्हणून दंत केंद्र बंद होतं. शेजाऱ्यांनी बावीस सेक्टरातला एक दवाखाना सांगितला. बसस्टँडच्या अलीकडे, खाली जोड्यांचं दुकान, वर जिना. डॉक्टर सरदारजी होते, माझ्याच वयाचे. हात चालू असताना तोंडही चालू ठेवणारे. त्यांनी तिच्या गालावर बोट फिरवलं, घशाच्या बाजूला चाचपलं, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होतोय का ते दोनदा विचारलं. मग म्हणाले, "बेटा, अपनी तीन उंगलियाँ खड़ी करके मुँह में डालो. सेहतमंद मुँह में तीन जाती हैं."

तिची एक गेली.

"कब से है?"

ती काही बोलायच्या आत मी म्हणालो, "ऑक्टोबर से."

"ते इन्नी देर क्या करते रहे तुस्सी?"

मी मेडिकलचं, गुणांचं, चुलत्यांचं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. हसले नाहीत, म्हणून जास्त लागलं. फक्त म्हणाले, "अजी, एक दाढ़ से किसी की नौकरी नहीं जाती. मुँह बंद होने से जा सकती है."

पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला. त्यात तोंड उलगडून सपाट केल्यासारखं दिसतं, बत्तीशीचा नकाशाच. तिच्या डाव्या कोपऱ्यातली दाढ उभी नव्हतीच. ती आडवी पडली होती, शेजारच्या दाढेला डोकं टेकून. उजवीकडचीही तशीच, फक्त अजून पूर्ण खाली दडलेली.

"जगह ही नहीं है," डॉक्टर म्हणाले. "आएगी कहाँ से बेचारी."

आता माझी एक जुनी खोड सांगतो. मला अपराधी वाटायला लागलं की मी प्रश्न विचारतो. माफी मागण्यापेक्षा ते सोपं जातं. बायकोला हे माहीत आहे. ती बाकावर डोळे मिटून बसली. मी डॉक्टरांना विचारलं, की जागाच नाही तर दाढ येते कशाला? बनवणाऱ्याला माप कळत नव्हतं का?

डॉक्टरांना प्रश्न आवडला. सुजलेल्या हिरडीखालून ते पाण्याने टरफल धुऊन काढत होते, आणि धुता धुता त्यांनी सांगितलं ते असं. फार पूर्वी माणसाचा जबडा मोठा होता आणि अन्न कडक होतं. कंदमुळं, कच्चं मांस, दगडावर भरडलेलं धान्य आणि त्यातले दगडाचे कण. दात इतके झिजायचे की एकमेकांना धरून हळूहळू पुढे सरकायचे, आणि मागे जागा व्हायची. विशीत येणारी दाढ त्या जागेत बसायची, कामाला लागायची. मग विस्तव आला, भांडी आली, जातं आलं. अन्न मऊ झालं, जबडे लहान होत गेले. दातांचं माप मात्र जवळपास तेच राहिलं.

"जबड़ा चबाने से बढ़ता है, बचपन में," ते म्हणाले. "दाँत का साइज़ तो माँ-बाप से लिखा आता है. दोनों का तालमेल बिगड़ गया. बस इतनी सी कहानी है, और इसी में हमारी रोटी चलती है."

मी त्या वाक्याला घट्ट धरलं. जबडा लहानपणी चावण्याने वाढतो. मला लगेच आमची सगळी घरं आठवली. जोधपूर, तांबरम, जोरहाट. प्रत्येक घरात मिक्सर सगळ्यात आधी खोक्यातून निघायचा. मुलगी लहान असताना मऊ वरणभात, पेरूच्या बिया काढून फोडी, चपातीच्या कडा काढून. मी स्वतः उसाची कांडी दाताने सोलून मोठा झालो, तिला मात्र रस पाजला. तो पण गाळून.

"मतलब बचपन में इसे गन्ना खिलाया होता तो?" मी विचारलं.

"पता नहीं जी. एक बच्चे का कोई नहीं बता सकता. गन्ना खाने वालों की भी फँसती है."

"पर हो तो सकता था..."

मुलीच्या तोंडात नळी होती. ती नळी बाजूला करून, दातांतूनच म्हणाली, "बाबा, आदिमानव ने आग जलाई, वो भी आपकी गलती?"

बायको डोळे न उघडता हसली. डॉक्टर मोठ्याने हसले. मीही हसलो, पण मला कळलं की तिने बरोबर पकडलं होतं. मी माझ्या खऱ्या चुकीपासून लांब, लाखभर वर्षं मागे पळत होतो. तिथली चूक सगळ्या माणसांची, म्हणून सोसायला सोपी. ऑक्टोबरातली माझ्या एकट्याची होती.

औषधं लिहून झाली. आधी सूज उतरू द्यायची, मग पुढचं ठरवायचं. निघताना मी, बहुधा काहीतरी सावरायचं म्हणून, म्हणालो, "मुझे भी आई थी, पर कुछ नहीं हुआ. इसलिए लगा..."

"बैठो," डॉक्टर म्हणाले. "मुँह खोलो."

त्यांनी आरसा फिरवला. पुन्हा फिरवला. "नीचे वाली कहाँ हैं? निकलवाई?"

"नहीं तो."

मग माझाही एक्स-रे निघाला. माझ्या जबड्याच्या नकाशात खालच्या दोन्ही कोपऱ्यांत नुसतं हाड होतं, स्वच्छ, करडं. दडलेली नाही, आडवी नाही, काढलेली नाही. खालच्या अक्कलदाढा माझ्यात कधी तयारच झाल्या नव्हत्या. बऱ्याच माणसांत एखाददुसरी तयार होत नाही, काहींत चारही नाही, असं डॉक्टर म्हणाले. वरच्या दोन होत्या, सरळ आलेल्या, कुणाला त्रास न देणाऱ्या.

"तो फिर अकादमी में क्या दुखा था?"

"इसके आगे वाली दाढ़ होगी. देखो, पुरानी फिलिंग है."

मी खुर्चीत तसाच पडून होतो. दरवर्षी आमची तपासणी होते, दात मोजले जातात, डॉक्टर काहीतरी लिहितात. मी खालचा "ठीक" एवढा शब्द बघून सही करत आलो. चुलत्यांनी "भरलंय" म्हटलं ते तरी काय मोजून म्हटलं असेल? पुतण्याला उन्हात बसवलं होतं, काडी हातात होती, चार माणसं बघत होती. कदाचित त्यांना दोन कमी दिसल्याही असतील आणि पोराला अर्ध्या वाटेतनं परत पाठवायचं त्यांच्या जिवावर आलं असेल. हे विचारायला आता ते नाहीत. म्हणजे ज्या दुखण्याबद्दल मी तिला धीर देत होतो ते माझ्या तोंडात कधी झालंच नव्हतं. होऊ शकलं नसतं.

मुलगी माझा एक्स-रे उजेडाकडे धरून बघत होती. "बाबा, आप तो ज़्यादा विकसित निकले," ती म्हणाली. मग तिने तो आपल्या एक्स-रेशेजारी धरला आणि बराच वेळ दोन्ही बघितले. "पर मुझे नहीं दिया."

सूज उतरायला आठवडा लागला. दोन बोटं जाऊ लागली. मग डॉक्टरांनी तिला समोर बसवून दोन वाटा सांगितल्या. दाढ आत्ता काढली तर जबडा पुन्हा काही दिवस आखडेल आणि देहरादूनला कदाचित पूर्ण उघडणार नाही. नाही काढली तर तिथे ऐन वेळी पुन्हा सुजू शकते, आणि मग एकच बोट. दोन्हीत हमी नाही.

बायकोने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता. प्रेमाने नव्हे, दाबून.

"निकाल दीजिए," मुलगी म्हणाली.

भूल देऊन, दाढेचे दोन तुकडे करून ती काढावी लागली. मी जिन्यात उभा होतो. खाली दुकानात कुणीतरी बुटाच्या मापावरून भांडत होतं. "सात नंबर ही मेरा है, तेरा सात छोटा है," असं तो माणूस पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि मला त्याही अवस्थेत त्या सरकलेल्या मापांची गंमत वाटली. मग डॉक्टरांनी आत बोलावून गॉजवर ठेवलेले तुकडे दाखवले. मी दाढ इतकी मोठी असेल असं समजत नव्हतो. मुळं चांगली लांब, टोकाला वाकलेली. एवढी मेहनत घेऊन वाढलेली वस्तू, आणि तिला जायला जागा नाही.

पुढचे दिवस घरात पातळ खिचडी, दही आणि थंड खीर. मी ऑफिसातून आलो की वाचत बसायचो. अक्कलदाढ हे नाव म्हणजे आपल्याला वाटतं तशी आपल्याकडचीच गंमत नाही. जगात कितीतरी भाषांत या दाढेला शहाणपणाचं नाव आहे. कारण साधं असावं. ती येते तेव्हा माणूस मोठा झालेला असतो. पण इतक्या वेगवेगळ्या लोकांनी दाढ आणि वय यांची सांगड घालावी, तोंडात बोट घालून वय ओळखावं, म्हणजे आमच्या ओसरीवरची काडी फार जुनी म्हणायची.

एका रविवारी मी मुलीला विचारलं, दहा सेक्टरातल्या संग्रहालयात येतेस का, तिथे जुने जबडे आहेत म्हणे. ती आली. बहुधा माझ्यावर दया म्हणून.

काचेआड हाडांच्या प्रतिकृती होत्या. एक जबडा शिवालिकच्या टेकड्यांत सापडलेल्या प्राण्याचा. या टेकड्या आम्ही रोज बघतो. सुखना तलावाच्या पलीकडे, हवा स्वच्छ असली की अगदी जवळ वाटतात. त्यांच्या मातीत कोटभर वर्षांपूर्वीच्या वानरांचे दात आणि जबड्यांचे तुकडे सापडले. मी घरी वाचून गेलो होतो, म्हणून तिला सांगितलं, की एका काळी विद्वानांना या तुकड्यांवरून वाटलं, हाच माणसाचा पूर्वज. दात तसे दिसत होते. नंतर चेहऱ्याची हाडं सापडली तेव्हा कळलं, की हा तर ओरांगउटानच्या घराण्यातला.

"एका जबड्याच्या तुकड्यावरून केवढा निष्कर्ष काढला बघ," मी म्हणालो.

"आपने तो एक दाँत से निकाला था," ती म्हणाली आणि पुढच्या काचेकडे गेली.

मी मागून गेलो. मला तिला खूप काही म्हणायचं होतं. ते जबड्यांमध्ये उभं राहून म्हणणं विचित्र वाटलं. मी एवढंच विचारलं, "आता किती?"

तिने बोटं उभी करून दाखवली. दोन, आणि तिसऱ्याचं टोक.

देहरादूनची बस पहाटेची होती. मी तिला स्टँडवर सोडलं. धुकं होतं, बसचे पिवळे दिवे तेवढे दिसत होते. ती म्हणाली, "आवाज़ ठीक है ना मेरी?" मी हो म्हणालो. ठीक होता. फक्त शब्द थोडे चपटे येत होते, तोंडात काही धरून बोलल्यासारखे. तेही सांगायला हवं होतं का, हे मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. पहिल्याच दिवसात बाहेर. "कल आ रही हूँ," एवढंच म्हणाली.

ती आली तेव्हा मी एकटाच घ्यायला गेलो. बायको मुद्दाम आली नाही. बॅग मागे टाकून ती शेजारी बसली. एक चौक गेला, दुसरा गेला. तिसऱ्या चौकाचा वळसा घेताना मी विचारलं, "दाढेमुळे?"

तिने खोटं सांगावं असं मला वाटत होतं. खरं सांगावं असंही वाटत होतं.

"थोड़ा," ती म्हणाली.

"थोडं म्हणजे?"

"मेरी कहानी भी कुछ खास नहीं थी, बाबा. बाकी लोग अच्छे थे. पर जब सब एक साथ चिल्लाए, तब मुँह उतना खुला नहीं. दो बार बोली, किसी ने सुना नहीं. तो हाँ, थोड़ा उससे भी हुआ."

"म्हणजे माझ्यामुळे."

"हाँ. उतना."

इतका वेळ मी सगळा दोष घ्यायच्या तयारीत होतो. सगळा दोष घेतला की समोरच्याला नाही-नाही म्हणावं लागतं, आणि माणूस मोकळा होतो. तिने नाही-नाही म्हटलं नाही. तिने माझ्या वाट्याचं तेवढं कापून माझ्या हातात दिलं. ते लहान होतं, आणि कुठेही ठेवून देता येण्यासारखं नव्हतं.

"चुकलो मी," मी म्हणालो. "मला दुखलं नव्हतं, आणि मी म्हणालो दुखलं होतं. आणि तुला दुखत असताना मी दात मोजत होतो."

"पता है," ती म्हणाली. मग, "अगला फॉर्म फिर भरूँगी."

वसाहतीच्या फाटकाअलीकडे एक गाडीवाला उसाच्या गंडेऱ्या विकत होता. सोलून, गोल तुकडे करून, वर बर्फ. तिने गाडी थांबवायला सांगितली. मी जीभ आवरली; दोनेक आठवड्यांपूर्वीच टाके निघाले होते, मी नको म्हणणार होतो. तिने स्वतः जाऊन पुडा आणला आणि एक तुकडा उजव्या बाजूला ठेवून चावायला लागली, सावकाश, जबडा किती उघडतो ते बघत. रस हनुवटीवर आला. तिने एक तुकडा मलाही दिला. बऱ्याच वर्षांनी मी उसाला दात लावला, आणि जिथे मला दाढच नाही तिथे जीभ फिरवून पाहिली.

"उजवीकडची पण आडवी आहे," मी म्हणालो. "ती..."

"वो कब निकलवानी है, मैं बताऊँगी," ती चघळत म्हणाली. चोथा तिने कागदात थुंकला, पुड्याचं तोंड बंद केलं आणि सीटबेल्ट लावला. "और आप गिनना मत."